धान विकून झाल्यावरचं प्रोत्साहन

मराठीत सध्या सगळ्यात मन लावून वाचलं जाणारं गद्य कोणतं, असं मला विचारलं तर मी शासन निर्णयाचं नाव घेईन. कादंबरीची पानं माणसं गाळतात, कवितासंग्रह चाळून ठेवतात. जीआर मात्र बोट ठेवून वाचतात. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बोनसचा जीआर निघाला की त्याची पीडीएफ गावोगावच्या ग्रुपवर पोचते आणि पानठेल्यावर तिचं सामूहिक वाचन सुरू होतं. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा 'सदर', 'उपरोक्त', 'अनुज्ञेय' यांचे अर्थ लावतो, तिसऱ्याला धीर नसतो, तो थेट विचारतो, 'पण भेटणार किती जी?' एम.ए.च्या वर्गात आम्हाला ज्या प्रकारचं बारीक वाचन शिकवायचा प्रयत्न झाला, ते इथं कुणी न शिकवता चालतं, कारण इथं एका शब्दानं खात्यात पैसे येतात किंवा येत नाहीत.

तर मी या मजकुराची समीक्षा करणार आहे. शेतकऱ्याला अनुदान द्यावं की नको, ही चर्चा टीव्हीवर पुष्कळ होते. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. सरकार धान पिकवणाऱ्याला जे पैसे देतं, त्यांना ते काय म्हणतं? आणि तसं का म्हणतं?

आधी ज्यांनी गोंदिया फक्त रेल्वेच्या बोर्डावर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, एका बाजूला छत्तीसगड. खरिपाचं मुख्य पीक धान. कोकणात, मावळात ज्याला भात म्हणतात तेच, पण इथं भात ताटात असतो आणि बांधीत धान. पावसाळ्यात पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. नंतर धान आधारभूत खरेदी केंद्रावर न्यायचं. ही केंद्रं पणन महासंघाची, आणि आदिवासी पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळाची. तिथं केंद्रानं ठरवलेला हमीभाव मिळतो: २०२२-२३ मध्ये साधारण धानाला क्विंटलमागे २०४० रुपये, पुढच्या वर्षी २१८३, त्यापुढच्या वर्षी २३००. या हमीभावावर राज्य सरकार जे वरून देतं, त्याला सगळा जिल्हा 'बोनस' म्हणतो.

हा बोनस दरवर्षी कसा बदलत गेला ते पाहण्यासारखं आहे. २०२०-२१ च्या हंगामात तो क्विंटलला ७०० रुपये होता, जास्तीत जास्त ५० क्विंटलपर्यंत. २०२१-२२ मध्ये काहीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी घोषणा केली ती हेक्टरी १५ हजारांची, दोन हेक्टरच्या मर्यादेत. डिसेंबर २०२३ मध्ये ते हेक्टरी २० हजार झाले. २०२४-२५ च्या हंगामासाठीही २० हजारच, पण मंत्रिमंडळाचा निर्णय व्हायला मार्च २०२५ उजाडला.

आता शब्दाकडे. जीआरमध्ये 'बोनस' नसतो. तिथं असते 'प्रोत्साहनपर राशी'.

प्रोत्साहन म्हणजे उत्साह वाढवणं. पुढे करायच्या कामासाठी आधी दिलेला जोर. शाळेत धावायच्या आधी 'पळ, पळ' म्हणतात ते प्रोत्साहन. शर्यत संपल्यावर देतात त्याला बक्षीस म्हणतात, आणि शर्यत संपून तीन-चार महिन्यांनी जे देतात त्याला मराठीत साधा शब्द आहे: थकबाकी. धानाची रोवणी जुलैत होते. प्रोत्साहन जाहीर होतं डिसेंबरात, कधी मार्चमध्ये. पैसे खात्यावर येतात त्यानंतर. तोवर धान कापलं गेलंय, विकलं गेलंय, भरडाईला गेलंय, त्याचा तांदूळ होऊन कदाचित रेशनच्या पिशवीतही पडलाय. मग नेमकं कशाला प्रोत्साहन? ज्याला यंदा काही मिळेल की नाही हेच रोवणीच्या वेळी ठाऊक नव्हतं, त्याचा उत्साह मागे जाऊन कसा वाढवणार? २०२१-२२ मध्ये बोनस नव्हता, तरी बांध्या पडीक राहिल्या नाहीत, कारण इथल्या खोलगट, पाणी धरणाऱ्या जमिनीत पावसाळ्यात दुसरं लावणार काय?

म्हणजे हा शब्द चुकीचा काळ सांगतो. आणि ही निष्काळजी चूक आहे असं मला वाटत नाही. 'थकबाकी' किंवा 'भावातली तूट' असं लिहिलं तर कबूल करावं लागतं की मूळ भाव पुरत नाही. प्रोत्साहन म्हटलं की भाव ठीकच आहे, आम्ही वरून देतोय, अशी बैठक तयार होते.

'राशी' हा तर मजेदार नमुना आहे. मराठीत रास म्हणजे खळ्यावरचा धान्याचा ढीग, आणि राशी म्हणजे मेष, वृषभ. रक्कम या अर्थाची राशी आपण हिंदी कार्यालयातून उचलली. सरकारी मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत, मला त्याचा सोवळेपणा नाही. गोंदियात तर अर्धं बोलणं हिंदी, पोवारी, गोंडी, झाडीबोली यांच्या मिश्रणात चालतं. पण राशी ज्या शेजारच्या हिंदीतून आली, तिथं तिच्या आधी कोणता शब्द लावतात ते पाहा.

छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या हंगामापासून धान ३१०० रुपये क्विंटलनं घेतात, एकरी २१ क्विंटलपर्यंत. हमीभाव २१८३ होता, म्हणजे क्विंटलला ९१७ रुपये जास्त. हे जास्तीचे पैसे नंतर वेगळे दिले गेले, आणि तिथल्या सरकारी आणि वर्तमानपत्री भाषेत त्यांना म्हणतात 'अंतर की राशि'. अंतर, म्हणजे फरक. सरकारनं कबूल केलेला भाव आणि प्रत्यक्ष हातात पडलेला भाव यांच्यातला. हिशोब उघडा: ९१७ गुणिले २१, एकरी १९,२५७ रुपये. त्याच हंगामात आपल्याकडे हेक्टरी २० हजार, म्हणजे एकरी आठ हजारांच्या आसपास. सालेकसा किंवा देवरी तालुक्याच्या टोकाला उभं राहिलं तर हा फरक चालत जाऊन पाहता येतो. म्हणूनच दर हंगामात छत्तीसगड आपल्या सीमेवर नाके लावतं, बाहेरचं धान आत येऊ नये म्हणून. धानाला राज्य कळत नाही, भाव कळतो.

आपण हिंदीतून राशी घेतली आणि अंतर तिथंच ठेवलं.

छत्तीसगडची भाषा फार शुद्ध आहे असं मात्र समजू नये. तिथंही नावांचा खेळ झाला, आणि त्याचं कारण दिल्लीत आहे. २०१४ मध्ये केंद्राच्या अन्न मंत्रालयानं राज्यांना कळवलं की हमीभावावर बोनस देणाऱ्या राज्याकडून त्याच्या स्वतःच्या गरजेपेक्षा जास्तीचं धान्य केंद्रीय साठ्यात घेतलं जाणार नाही. तेव्हापासून 'बोनस' हा शब्दच अडचणीचा झाला. मग छत्तीसगडनं २१ मे २०२० पासून तेच पैसे एकराच्या हिशोबानं द्यायला सुरुवात केली आणि योजनेला नाव दिलं 'राजीव गांधी किसान न्याय योजना'. सरकार बदललं, नाव झालं 'कृषक उन्नती योजना'. तोच शेतकरी, तीच बांधी. आधी त्याला न्याय मिळत होता, आता त्याची उन्नती होते. आपल्याकडे त्याला प्रोत्साहन मिळतं. पीएम किसानमध्ये त्याचा सन्मान होतो, आणि २०२३ पासून राज्याच्या 'नमो' योजनेत महासन्मान. नुसता 'भाव' कुणीच देत नाही.

आणि या सगळ्यात त्याचं स्वतःचं नाव काय? लाभार्थी. लाभाची इच्छा धरणारा. जो माणूस ट्रॅक्टरवर पोती लादून सरकारला माल विकतो, तो कागदावर विक्रेता नसतो, मागणारा असतो. ज्या विभागातून हा जीआर निघतो त्याचं नाव वाचलं की उलगडा होतो: अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग. कृषी विभाग नाही. सरकारच्या नजरेत हे धान शेतात उगवत नाही, ते गोदामात उगवतं. शंभर किलो धानातून गिरणीनं ६७ किलो तांदूळ द्यायचा, तो रेशनला जायचा. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशन मोफत झालं, त्यामुळे गोंदियातला छोटा शेतकरी एकाच वर्षात सरकारला धान विकतो आणि सरकारकडून तांदूळ फुकट घेतो. पहिल्या व्यवहारात तो लाभार्थी, दुसऱ्यातही लाभार्थी.

गावात या पैशासाठी वेगळा शब्दसंग्रह आहे, आणि तो मला कितीतरी जास्त अचूक वाटतो. केंद्रावर विकलेल्या धानाच्या पैशाला गोंदिया-भंडाऱ्यात 'चुकारा' म्हणतात. 'चुकारे आले का?', 'अजून चुकारे व्हायचे आहेत.' चुकारा म्हणजे चुकता करायची रक्कम. हा शब्द उच्चारला की दोन माणसं उभी राहतात, एक देणं असलेला आणि एक घेणं असलेला. कुणी कुणावर उपकार करत नाही. स्थानिक बातम्यांचे मथळेही हाच शब्द वापरतात. मुंबईत जीआर लिहायला बसेपर्यंत तो गळून पडतो.

पण मग तेच लोक वरच्या पैशाला 'बोनस' का म्हणतात? हा शब्द मराठीत कुठून आला याचा एक इतिहास आहे आणि तो शेतातला नाही, गिरणगावातला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांना भरपूर नफा झाला, आणि त्यानंतर काही वर्षं कामगारांना बोनस मिळाला. मग मंदी आली आणि मालकांनी तो बंद केला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. वाद एका शब्दाच्या अर्थाचा होता. कामगार म्हणत, बोनस आमच्या मजुरीचाच भाग आहे, मागाहून मिळणारा. मालक म्हणत, ती आमची खुशी होती, आता खुशी नाही. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिनं निकाल दिला की कामगारांचा बोनसवर असा काही हक्क नाही. मार्चमध्ये संप संपला. त्यानंतर चार दशकं ही लढाई कोर्टांत, लवादांत, रस्त्यावर चालली, आणि १९६५ मध्ये बोनस देण्याचा कायदा झाला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. नफा झाला नाही तरी किमान द्यावाच लागतो.

धानाचा बोनस अजून १९२४ मध्ये उभा आहे. तो मागता येतो, त्यासाठी मोर्चा काढता येतो, आमदार त्यावर लक्षवेधी लावू शकतात, पण तो कुणाचा हक्क नाही. दर हिवाळ्यात तो नव्यानं जन्माला येतो किंवा येत नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं. ते साधारण त्याच दिवसांत भरतं जेव्हा केंद्रांवर धानाचे काटे चालू असतात, आणि मग घोषणेचा एक प्रसंग तयार होतो. बाकं वाजतात, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतात. हमीभाव निदान पेरणीच्या आधी कळतो. बोनस कळतो धान विकताना किंवा विकल्यावर. सावकाराकडून किती उचलायचं, सोसायटीचं कर्ज किती घ्यायचं, हे जूनमध्ये ठरवणाऱ्या माणसाला डिसेंबरातल्या घोषणेचा उपयोग एवढाच की त्याला आभार मानता येतात.

इथपर्यंत शब्दांचं झालं. आता त्या बदलाकडे येतो जो शब्दांत जवळपास दिसतच नाही, पण मला सगळ्यात गंभीर वाटतो. २०२० च्या मजकुरात एकक होतं क्विंटल, २०२२ च्या मजकुरात हेक्टर.

क्विंटल हे धानाचं माप आहे आणि हेक्टर हे जमिनीचं. क्विंटलमागे बोनस असतो तेव्हा वाक्याचं क्रियापद 'विकणे' असतं, ज्यानं धान आणलं त्याला पैसे. हेक्टरमागे असतो तेव्हा क्रियापद 'असणे' होतं, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला पैसे. एवढा बदल करताना कुणी भाषण केलं नाही, आणि करायची गरजही पडली नाही, कारण कारण पटण्यासारखं होतं. क्विंटलच्या पद्धतीत व्यापारी दुसऱ्यांचे सातबारे गोळा करून बाहेरचं स्वस्त धान केंद्रावर घालायचे आणि बोनस उचलायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. हेक्टरनं त्याला चाप बसेल असा हिशोब. शिवाय नव्या पद्धतीत एक चांगली गोष्ट आली, ती नोंदवली पाहिजे: पोर्टलवर नोंदणी केलेल्या शेतकऱ्यानं धान विकलं नाही तरी त्याला पैसे मिळतात. एक-दीड एकरवाला जो सगळं धान घरी खायला ठेवतो, किंवा ज्याचं तुडतुड्यानं नेलं, त्याला क्विंटलच्या काळात शून्य मिळायचं. हे कलम मला मनापासून आवडलं.

पण सातबारा ही फार जुनी आणि फार हट्टी साहित्यकृती आहे. तिच्यात पात्र म्हणून यायचं तर जन्म, मृत्यू किंवा खरेदीखत लागतं. घाम गाळून येता येत नाही. जिल्ह्यात किती शेती ठेक्यानं आणि बटईनं होते ते कुठल्याही गावात विचारा. मालक गोंदियाला किंवा नागपूरला नोकरीत, शेत गावातला माणूस वाहतो. बियाणं त्याचं, खत त्याचं, रोवणीचा खर्च त्याचा. कागदावर तो कुठंच नाही. लेखी करार का करत नाहीत? कारण मालकाला कूळ कायद्याची भीती आहे. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळवहिवाट कायदा आहे. कसेल त्याची जमीन व्हावी म्हणून झालेल्या कायद्याच्या धाकानं कसणाऱ्याचं नाव कागदावरून नाहीसं झालं, आणि नाव नाही म्हणून हेक्टरी २० हजार कसणाऱ्याला मिळत नाहीत. क्विंटलच्या काळातही सातबारा मालकाचाच लागायचा, हे खरं. पण तेव्हा निदान धान ठेकेदाराच्या अंगणात असायचं. मालकाच्या सातबाऱ्यावर विकायला त्याची संमती लागे, आणि धान ज्याच्या ताब्यात त्याला बोलायला जागा असे. आता बोनससाठी धानाचीच गरज उरलेली नाही.

(आमच्या भागात 'ठेकेदार' म्हणजे रस्ता बांधणारा श्रीमंत माणूसही असतो आणि दोन एकर ठेक्यानं वाहणारा गरीब माणूसही. जीआरला पहिला ओळखता येतो.)

याचा परिणाम म्हणून एक नवा मौखिक मजकूर तयार झालाय, आणि मला तो जीआरइतकाच महत्त्वाचा वाटतो. ठेका ठरवताना पूर्वी किती पैसे, कधी द्यायचे, बांधावरच्या झाडांचं काय, तणीस कुणाची, एवढं बोलणं व्हायचं. आता शेवटी मालकाकडून एक वाक्य येतं: 'बोनस माझा राहील.' किंवा थोडा जवळचा संबंध असेल तर, 'बोनस आला तर अर्धा-अर्धा पाहू.' हे 'पाहू' विलक्षण आहे. त्यात होकार आहे, पण पुरावा नाही. ओळखीच्या एका ठेक्यानं शेती करणाऱ्या माणसाला मी विचारलं की मग तुम्ही काय म्हणता. तो म्हणाला, 'का म्हणू जी, शेत त्याचं.' मी म्हटलं, धान तर तुमचं. तो हसला आणि त्यानं विषय पाण्याच्या पाळीवर नेला.

जीआरमधलं वाक्य आणि हे मालकाचं वाक्य शेजारी ठेवून वाचा. जीआर म्हणतो, राशी 'अदा करण्यात यावी'. कोण अदा करणार, कुणाला वाटलं म्हणून, कोण राहून गेलं, काही कळत नाही. सरकारी मराठीत कर्ता नसतो, सगळं आपोआप 'करण्यात येतं', आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही होते. मालकाच्या तीन शब्दांत मात्र कर्ता, कर्म, मालकी, भविष्यकाळ सगळं आहे. जीआरनं जे लिहायचं टाळलं, ते मालकानं बोलून पूर्ण केलं.

जे ठेकेदाराचं तेच बायांचं, आणखी एक पायरी खाली. रोवणी जवळजवळ पूर्णपणे बायका करतात. पाठ वाकवून, चिखलात, पावसात, रोजानं किंवा हुंड्यानं. जिल्ह्याचं मुख्य पीक ज्या हातांनी लागतं, त्यातल्या बहुतेकींच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्या जीआरच्या अर्थानं शेतकरी नाहीत. त्यांच्यासाठी शब्द 'मजूर' आहे, आणि घरच्याच शेतात राबणाऱ्या बाईसाठी तोही नाही. सरकारी योजनांत ती सापडते ती वेगळ्या ठिकाणी, बहीण म्हणून. शेतकरी या शब्दाला मराठीत लिंगाचा प्रत्यय नाही, पण जीआरमध्ये तो बहुतेक वेळा पुल्लिंगीच वाचला जातो.

आता हे सगळं आपल्या साहित्यात कुठं आहे? मी शोधत असतो आणि फारसं सापडत नाही. शेतकरी म्हटला की मराठी कादंबरीत कपाशी, ज्वारी, ऊस, आणि कोरडी विहीर. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात शिकलेल्या शेतकरी पोराची घुसमट ज्या ताकदीनं आलीय ती आजही वाचताना अंगावर येते. पण तो बुलढाण्याकडचा विदर्भ. पाणी साचलेल्या, तलाव-बोड्यांच्या या पूर्वेकडच्या विदर्भाचं दुःख वेगळं आहे. इथं पीक बहुतेकदा येतं, प्रश्न त्यानंतर सुरू होतो: काटा, ओलावा, बारदाना, चुकारा, बोनस. आलेल्या पिकाची शोकांतिका लिहायला आपल्याकडे साचा नाही. सिनेमानं एकदा हा धागा पकडला होता. २०१० च्या 'पीपली लाइव्ह'मध्ये मरायला निघालेल्या नत्थाच्या दारात अधिकारी एक हातपंप आणून टाकतो, त्याचं नाव लाल बहादुर. योजनेच्या नावातच योजना संपते, हे इतक्या कमी वेळात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि आपल्याकडे तर झाडीपट्टीची रंगभूमी आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचं केंद्र. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. या रंगभूमीचं वेळापत्रक धानाचं वेळापत्रक आहे. कापणी झाली, हातात पैसा आला की नाटक. चुकारे लांबले तर तिकिटाच्या खिडकीवर कळतं. आपल्या प्रेक्षकाच्या खिशाशी इतकी थेट बांधलेली दुसरी मराठी रंगभूमी मला माहीत नाही. तरी मी पाहिलेल्या नाटकांत खलनायक अजून पाटील आहे, सावकार आहे, मिशांना पीळ देणारा, मोठ्यानं हसणारा. प्रेक्षक त्याला मनापासून शिव्या देतात. मला ते आवडतं. पण मांडवात बसलेल्या त्याच माणसाचा खरा अडसर दुपारी सेतू केंद्रावर होता. अंगठा जुळत नव्हता, आधारला जोडलेलं खातं भलतंच निघालं होतं, किंवा पोर्टलवर त्याच्या गटात धानच दिसत नव्हतं. या खलनायकाला मिशा नाहीत. त्याला रंगमंचावर आणायचं कसं? दंडारीत सोंग आणून कुणाचीही टर उडवायची जुनी सोय आहे. तिथं एखादा पोर्टलचं सोंग घेऊन येईल आणि प्रत्येक प्रश्नाला 'प्रलंबित' एवढंच म्हणेल, तर मांडव हसून पडेल असं मला वाटतं.

वनहक्काच्या पट्ट्यावर धान लावणाऱ्यांना याच मांडवात कुठं बसवायचं, हा वेगळा लेख होईल. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या गावांत २००६ च्या कायद्यानं मिळालेला पट्टा आहे, शेत आहे, धान आहे, पण नोंदणीच्या रकान्याला सवय सातबाऱ्याची.

जीआरच्या पहिल्या पानावर 'प्रस्तावना' नावाचा परिच्छेद असतो. त्यात हे का करतो आहोत ते लिहायचं असतं, आणि पानठेल्यावरचे वाचक तो नेहमी गाळतात. मी तो गाळू नका असं आता सगळ्यांना सांगत असतो. परवा ग्रुपवर एका पोरानं त्याच परिच्छेदाचा स्क्रीनशॉट टाकला, 'प्रोत्साहनपर' या शब्दाभोवती लाल गोल करून, आणि खाली लिहिलं, 'धान तर नोव्हेंबरातच दिला होता.' त्यावर सतरा अंगठे आले, आणि एकाचा प्रश्न, 'ठेक्यावाल्याचं नाव कुठं टाकायचं यात?' त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.